नाशकात वेगळ्या गाड्या टिपताय? या चुका टाळा

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला गंगापूर रोडवर सोमेश्वरच्या पुढे थांबलात, तर वाइनरीकडे निघालेल्या मुंबईच्या गाड्या एकामागून एक येताना दिसतात. एमएच ०१, एमएच ०२, एमएच ४३. त्यात एखादी पोर्शे असते, एखादी मस्टँग, कधी लॅम्बोर्गिनी उरुस. कडेला तीन-चार मुलं फोन सरसावून उभी असतात. गाडी येते, आवाज करत निघून जाते, आणि मग सगळी माना घालून स्क्रीनमध्ये बघतात. फोटोत मागचा अर्धा दिवा आलेला असतो, विजेचा खांब मात्र अख्खा. गाडी कुठली होती यावर दोघांचे दोन तर्क.

हा छंद मला बारा-तेरा वर्षांपासून आहे आणि यातली प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे. त्या सगळ्यांचं मूळ एकच, घाई. गाडी आधी बघायची असते, फोटो हे त्या बघण्याचं टिपण. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं चुकत जातं.

फक्त महागड्या गाड्यांमागे धावणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो. महागडी गाडी पैसे असले की शोरूममधून येते. कॉलेज रोडला महिनाभर रोज संध्याकाळी चक्कर मारलीत तर पाच-सात चांगल्या गाड्या नक्की मिळतील. पण चालती टाटा सिएरा शेवटची कधी बघितलीत? १९९१ मधली, तीन दारांची, मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेली अखंड काच असलेली ती जुनी सिएरा. टाटांनी २०२५ मध्ये तेच नाव पुन्हा आणलं, त्यामुळे ओळखीची वाटते, पण जुनी आता वर्ष-वर्ष दिसत नाही. १९८३ च्या पहिल्या मारुती ८०० चीही तीच गत. १९८६ मध्ये तिचा आकारच बदलला, म्हणून पहिल्या तीन वर्षांतली शाबूत गाडी मिळणं अवघड. कॉन्टेसा, स्टँडर्ड हेरल्ड, सिपानी डॉल्फिन, ओपेल अ‍ॅस्ट्रा. यातली एखादी पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या बोळात ताडपत्रीखाली उभी असू शकते. ताडपत्रीखालून डोकावणाऱ्या बंपरवरून गाडी ओळखता आली पाहिजे, तो या छंदाचा खरा कस.

दोन वर्षांपूर्वीची डिसेंबरातली सकाळ. देवळाली कॅम्पला लॅम रोडच्या आतल्या बाजूला जुने पारशी बंगले आहेत. एका फाटकाशी फिकट हिरवी फियाट ११०० उभी. पन्नाशीच्या दशकातली ती गोलगरगरीत गाडी, जिला आपल्याकडची जुनी माणसं ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. बॉनेटवर दव होतं, काचेच्या कडेला वायपरने पुसलेली एक कमान. मी दोन मिनिटांत वीसेक फोटो काढले आणि निघणार, तेवढ्यात आतून एक वयस्कर गृहस्थ आले.

“काका, फोटो काढले तर चालेल ना?” मी विचारलं. खरं तर हे आधी विचारायला हवं होतं.

“काढले ना तू, आता काय विचारतो?” ते शांतपणे म्हणाले. “पण दीकरा, दरवाजा पाहिला काय?”

मी पाहिला नव्हता. त्यांनी पुढचं दार उघडलं. कडी पुढच्या चाकाच्या बाजूला आणि बिजागऱ्या मधल्या खांबाला. दार पुढून मागे उघडलं, कपाटाच्या दोन पाखांतलं एक उघडावं तसं. या गाडीची ओळखच ती, आणि माझ्या वीस फोटोंत एकाही ठिकाणी ते नीट आलं नव्हतं. सगळ्यांत फाटकाची आडवी सावली गाडीवर पडलेली. मग काकांनी गाडी चार हात पुढे घेतली आणि मी फक्त चार फोटो काढले. ते चारही माझ्याकडे आजही आहेत, आधीचे वीस त्याच दिवशी पुसले.

तेव्हापासून मी एक मोजून मिनिट नुसता बघतो. दारं, दिवे, जाळी, चाकं, नंबरप्लेट, आतलं स्टिअरिंग. मग फोन काढतो. चालत्या गाडीला मिनिट मिळत नाही हे खरं, पण उभ्या गाड्यांवर डोळा तयार झाला की चालत्या गाडीला दोन सेकंद पुरतात.

नाशकाचं आणखी एक खास आहे. सातपूर आणि इगतपुरीला महिंद्राचे कारखाने आहेत, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या नक्षीत गुंडाळलेली चाचणीची गाडी इथल्या रस्त्यावर दिसू शकते. दिसली तर रस्त्यावरून जे दिसतं ते टिपा. तिच्या मागे लागणं, चालकाला आडवं जाणं, कारखान्याच्या फाटकावर दबा धरून बसणं हे करू नका.

बिल्ल्यावर विश्वास ठेवणं

गाडीवरचा नावाचा बिल्ला बाजारात सुटा मिळतो. २०१६ मध्ये फोर्डने भारतात अधिकृतपणे आणलेली मस्टँग एकाच प्रकारची होती, पाच लिटर व्ही-८ इंजिनाची जीटी. त्यामुळे फणा काढलेल्या नागाचं चिन्ह दिसलं की लगेच ‘शेल्बी’, म्हणजे मस्टँगचा वरचा, जास्त ताकदीचा प्रकार, असं लिहून टाकू नका. बीएमडब्ल्यूच्या साध्या गाड्यांवरही मिळणाऱ्या एम स्पोर्ट पॅकेजचं तसंच. खऱ्या एम, म्हणजे खास वेगवान गाडीला साधारणपणे धुराची चार नळकांडी असतात, दोन डावीकडे दोन उजवीकडे, आणि आरशाचा दांडा दुभंगलेला असतो. मर्सिडीजमध्ये ‘एएमजी लाइन’ ही मुख्यतः सजावट, एएमजी ही वेगळी, खास वेगवान गाडी. उभ्या पट्ट्यांची पॅनअमेरिकाना जाळी ही एएमजीची खूण खरी, पण ती जाळीसुद्धा बाहेरून बसवून मिळते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका, तीन खुणा जुळल्या की मगच नाव लिहा.

पोर्शे ९११ मध्ये बरेच जण फसतात. २०१५ नंतरच्या बहुतेक कॅरेरा, म्हणजे मूळ ९११ गाड्यांना टर्बो इंजिनच असतं, पण ‘टर्बो’ हे नाव मात्र वेगळ्या, वरच्या मॉडेलचं. ते ओळखायचं मागच्या फुगीर बाजूंवरच्या हवेच्या खाचांवरून. आणि अशी खाच थेट दाराच्या मागे, खिडकीच्या खाली दिसली तर ती ९११ नसून पोर्शेचीच दुसरी गाडी, केमन, असण्याचा संभव जास्त, कारण तिचं इंजिन मध्यभागी असतं.

जुन्या गाडीला सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणणं हीही चूकच. आपल्याकडच्या २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्वदच्या दशकातली पद्मिनी कितीही देखणी असली तरी ती त्यात बसत नाही.

नंबरप्लेट वाचायला शिकलात तर अर्धी गोष्ट तिथेच कळते. एमएच १५ आपलं नाशिक, एमएच ४१ मालेगाव. सुरुवातीला एमएच नसून नुसती तीन अक्षरं आणि पुढे आकडा असेल, तर ती नोंदणी १९८९ च्या आसपास नवी पद्धत येण्याआधीची. पीवाय म्हणजे पुदुच्चेरी. तिथे रोड टॅक्स कमी, म्हणून महागड्या गाड्या तिकडे नोंदवायची रीत बरीच वर्षं होती. हिरवी पाटी इलेक्ट्रिक गाडीची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर गाडी स्वतः चालवायला भाड्याने दिलेली आहे, म्हणजे आत बसलेला माणूस मालक नव्हे. लाल पाटीवर पांढरी अक्षरं डीलरच्या ताब्यातल्या गाडीला असतात. हे सगळं एका छोट्या वहीत लिहून ठेवा, फोनपेक्षा वही लवकर उघडते.

फोटो बिघडतो तो कुठे

*गाडीचं नाक फुगलेलं दिसतं.* तुम्ही फार जवळ उभे आहात आणि ०.५ वाली लेन्स लावली आहे. आठ-दहा पावलं मागे जा आणि झूम २ किंवा ३ वर ठेवून काढा. गुडघे वाकवून फोन हेडलाइटच्या उंचीवर आणा. डोळ्यांच्या उंचीवरून काढलेली प्रत्येक गाडी खेळण्यातली दिसते.

*हेडलाइट अर्धे विझलेले येतात.* बल्ब गेलेला नसतो. बऱ्याच गाड्यांचे एलईडी दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतात आणि वेगवान शटर नेमकं विझलेल्या क्षणी पडतं. शटर (फोटो टिपला जाण्याची वेळ) १/१२५ सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवा, नाहीतर लागोपाठ सात-आठ फोटो काढा, एखाद्यात दोन्ही दिवे सापडतात.

*चालती गाडी पुसट.* इथे दोन वेगळे दोष एकत्र होतात. सगळाच फोटो हललेला असेल तर शटरचा वेग वाढवा, १/१००० सेकंदापर्यंत. पण गाडी स्पष्ट आणि रस्ता धावता हवा असेल तर उलट करायचं: ताशी ४०-५० च्या गाडीला १/६० ते १/१२५, आणि कंबरेतून वळत गाडीबरोबर फोन फिरवत राहायचं. बटण दाबल्यावर थांबायचं नाही, गाडी पुढे जाईपर्यंत फिरतच राहायचं. बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र लहान-मोठं होत नाही, म्हणून भर दुपारी १/६० वर फोटो पांढराफटक पडतो. हा प्रयोग संध्याकाळी सहानंतर करा किंवा लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. पहिल्या दिवशी पन्नासांत एक जमेल. मला आजही दहांत दोन जमतात, तेवढे पुरतात.

*काळी गाडी करडी, पांढरी मळकी.* कॅमेरा प्रत्येक गोष्ट मध्यम उजेडाची करायला बघतो. गाडीवर बोट ठेवून उजेडाची पट्टी काळ्या गाडीला खाली आणि पांढऱ्या गाडीला किंचित वर सरकवा. काळ्या चकचकीत दारावर तुम्ही स्वतः आरशासारखे उमटता हेही बघा. एक पाऊल बाजूला झालात की ते प्रतिबिंब जातं.

*काचांवर निळे-जांभळे ठिपके.* हे पोलरायझर, म्हणजे चमक मारणारा फिल्टर, लावणाऱ्यांचं दुखणं. पुढच्या काचेवरची चमक तो छान मारतो, पण बाजूच्या आणि मागच्या काचा सहसा तापवून कडक केलेल्या असतात, त्यातला ताण पोलरायझरमधून नक्षीसारखा दिसतो. फिल्टर थोडा फिरवला की कमी होतो. फिल्टर खराब नाही, दुकानात परत नेऊ नका.

उभ्या गाडीचं पुढचं चाक वळलेलं असेल तर रिम दिसते ती बाजू निवडा. छतातून खांब उगवलेला दिसतो का, एवढं बघा. आणि लेन्स शर्टाने पुसा, निम्मे धुकट फोटो बोटाच्या तेलाचे असतात. उजेडाचं म्हणाल तर इथल्या हिवाळ्यातली सकाळी साडेसात ते नऊ ही वेळ मी कशालाच बदली देणार नाही. पावसाळ्यात सर थांबल्यावरचा ओला डांबरी रस्ताही तसाच, खाली अख्खी गाडी पुन्हा उमटते.

रस्त्यावरचा धोका

इथे मी कडक बोलणार आहे. दुचाकीवरून एका हाताने सुपरकारचा पाठलाग करत शूटिंग करणारी मुलं मी द्वारका ते पाथर्डी फाट्यापर्यंत बघितली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन हातात धरणं धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्यात मोडतं, दंड आणि कैद दोन्हीची तरतूद आहे. पण कायदा बाजूला ठेवा. तुमच्या आईला फोन कोण करणार? मागे बसलेल्यानेही वळून वळून काढू नये, तोल जातो.

समृद्धीवर तर थांबायचंच नाही. ताशी १२० ची मर्यादा असलेल्या रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला वाचायला वेळ मिळत नाही, आणि दुचाकीला तिथे मुळात बंदी आहे. कसारा घाटातल्या वळणांवरही नको. गाड्या आपसूक हळू होतात अशी जागा शोधा: रुंद पदपथ असलेला सिग्नल, हॉटेलचं आवार परवानगी घेऊन, वाइनरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं वळण, तेही कठड्याच्या आत राहून.

आणि नाशिकरोड-देवळालीत कॅमेरा कुठे वळतोय याचं भान ठेवा. आर्टिलरी सेंटर, स्कूल ऑफ आर्टिलरी, नोट प्रेस, सिक्युरिटी प्रेस, ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना. गाडी कितीही दुर्मीळ असो, मागे लष्करी भिंत किंवा चौकी असेल तर फोन खिशात. जवानाने हटकलं तर वाद न घालता काढलेला फोटो दाखवा.

मालक आणि नंबर

उभ्या गाडीजवळ कोणी असेल तर आधी विचारा. “दादा, गाडी फार छान ठेवलीय, दोन फोटो काढू का?” एवढं पुरतं. मला क्वचितच नाही ऐकावं लागलं आहे, आणि ‘नाही’ म्हटलं तर नाही. गाडीला हात लावायचा नाही, टेकायचं नाही, आत मुलं किंवा बायका बसलेल्या असतील तर काढायचाच नाही.

फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी नंबर झाका, आणि धूसर न करता सपाट रंगाचा चौकोन ठेवा. हलका धूसर केलेला आकडा कधी कधी ताडता येतो. बंगल्याच्या पार्किंगमधल्या गाडीचा फोटो पत्त्यासकट कधीच टाकू नका, जुन्या गाडीचा तर मुळीच नको. तिचे दिवे आणि बिल्ले चोरीला जातात. मूळ फोटो नंबरासकट स्वतःजवळ ठेवा, कारण पुढे गाडी ओळखायला तोच उपयोगी पडतो.

अडचण बहुतेकांना शेवटी येते ती मूळ फोटो मित्राला पाठवताना. व्हॉट्सअ‍ॅपवर तो दाबला जातो आणि जाळीतली बारीक नक्षी जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं सगळे सांगतात. बरोबर आहे. फक्त तसा पाठवला की फोटोत लपलेलं ठिकाणही बरोबर जातं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आजच बंद करा, आणि लॅम रोड, सकाळी आठ, हिरवी फियाट, दार उलटं हे वहीत हाताने लिहा.