गव्हाच्या जर्ममधून टीआरएनए: काढायचा कसा, वापरायचा कुठे

आरएनए अगदी थोडा असला ना की इथेनॉलमध्ये तो नीट खाली बसतच नाही, त्याला सोबत लागते, आणि ती सोबत म्हणजे कॅरिअर टीआरएनए, आकाराने छोट्या जातीचा आरएनए, आपला आरएनए खाली ओढायला मुद्दाम घातलेला. इंदूरला आमच्या लॅबमध्ये यीस्टचाच वापरायचे सगळे, पण राहतो माळव्यात, गहू घरचा, म्हणून मी जर्मवर आले.

जर्म, म्हणजे दाण्यातला अंकुराचा भाग, कच्चं घ्या, रोलर फ्लोअर मिलमधून, भाजलेलं पाकीट नको. त्यात तेल असतं, मे महिन्यात इथल्या उन्हाळ्यात बाहेर राहिलं की खवट होतं, आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाका. मग बफर आणि फिनॉल घालून हलवायचं, स्पिन करायचं, वरचा थर घ्यायचा, एकदा क्लोरोफॉर्म, मग इथेनॉल. फिनॉलचं काम हूडमध्येच आणि ग्लोव्हज घालूनच करा, अंगावर उडालं तर भाजतं.

आता खरी पायरी. इथेनॉलमध्ये तळाशी बसलेला गोळा, म्हणजे पेलेट, विरघळवून २ मोलर लिथियम क्लोराईड, रात्रभर ४ डिग्रीला. मोठे रायबोसोमल आरएनए खाली बसतात, टीआरएनए वरच्या पाण्यातच राहतो, तेव्हा ते पाणी फेकू नका हो, नवीन मुलं सवयीने फेकतात आणि पेलेट जपून ठेवतात! डीएनएसुद्धा त्याच पाण्यात राहतो, म्हणून डीएनेझ, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम, द्यायचंच, मग परत फिनॉल, परत इथेनॉल, आणि ७० टक्के इथेनॉलने नीट धुवा, क्लोराईड राहिलं तर पुढे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणं, बिघडतं. डिनेचरिंग जेलवर, म्हणजे आरएनएच्या घड्या उलगडून लांबीप्रमाणे वेगळं करणाऱ्या जेलवर, ७५ ते ९० न्यूक्लिओटाइडच्या आसपास पट्टा दिसला की झालं.

वापरताना ०.३ मोलर सोडियम अॅसिटेट, मिलीलीटरला १० ते २० मायक्रोग्रॅम टीआरएनए, अडीच पट इथेनॉल, बास.

पण कुठे वापरायचा नाही ते आधी बघा. आरएनए किती आहे ते प्रकाशाने मोजताना २६० नॅनोमीटरला जो आकडा येतो तो जवळजवळ सगळा कॅरिअरचाच असतो, त्यावरून स्वतःचा आरएनए मोजू नका. कायनेज, म्हणजे टोकाला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम, लावून टोकाला लेबल करायचं असेल तर अजिबात नको, माझा पूर्ण आठवडा त्यातच गेला, लेबल टीआरएनएवर बसलं आणि माझा तुकडा कोराच, तिथे ग्लायकोजन घ्या. आणि गव्हाच्याच जीनवर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) करत असाल तर नुसत्या कॅरिअरची एक ट्यूब कंट्रोल म्हणून लावा, त्यात बँड आला तर ती बॅच परत डीएनेझला.