मल्टिमीटर चुकीचे आकडे दाखवत असेल, तर या चुका टाळा

सर्वत्र सहज मिळणारा, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा डीटी ८३० प्रकारचा मल्टिमीटर बिघडला की अनेकांचा पेचकस सर्वप्रथम आतल्या प्रीसेटकडे, म्हणजे आकडा जुळवण्यासाठीच्या चिमुकल्या फिरत्या रेझिस्टरकडे, वळतो. वास्तविक तो अगदी शेवटीच फिरवावा, आणि शक्यतो कधीच फिरवू नये. या मीटरमधील ७१०६ जातीची चिप मोजायच्या व्होल्टेजची तुलना १०० मिलिव्होल्टच्या संदर्भ व्होल्टेजशी करून आकडा दाखवते. बॅटरी फार उतरली की हा संदर्भच घसरतो आणि आकडा वाढतो, त्यामुळे १.५ व्होल्टचा साधा सेलही भलताच जोमदार भासतो. अशा वेळी प्रीसेट फिरवून आकडा ‘जुळवला’, तर नवी बॅटरी बसवताच मीटर सगळीकडे कमी दाखवू लागतो. म्हणून आधी मीटर सुरू ठेवून त्याची बॅटरी दुसऱ्या मीटरने मोजावी. बॅटरी उतरल्याचे चिन्ह स्वस्त मीटरमध्ये उमटेलच, यावर विसंबू नये.

त्यानंतर प्रोब, म्हणजे मोजताना टेकवायच्या वायरच्या दांड्या, तपासावेत. त्यांची वायर प्लगपाशी किंवा मुठीपाशी आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. २०० ओहमच्या रेंजवर दोन्ही टोके एकमेकांना टेकवून वायर हलवताना आकडा उड्या मारू लागला, तर मीटर उघडण्याचे कारणच उरत नाही.

व्होल्टेज बरोबर येते, पण मिलिअँपिअरच्या रेंजवर शून्यच दिसते, तेव्हा बहुधा फ्यूज उडालेला असतो. त्याच्या जागी तांब्याची तार किंवा चंदेरी कागद गुंडाळणे हा शुद्ध अविचार आहे. मीटरवर छापलेल्या क्षमतेचाच, बहुधा २०० मिलिअँपिअर, २५० व्होल्टचा, जलद उडणारा फ्यूज बसवावा. १० अँपिअरच्या सॉकेटला अशा मीटरमध्ये बहुधा फ्यूज नसतो, त्यामुळे प्रोब तेथेच विसरून २३० व्होल्टचा पुरवठा मोजायला गेल्यास थेट शॉर्टसर्किट होते.

डिस्प्लेवरील आकड्यांचे तुकडे गायब असतील, तर काच आणि सर्किट बोर्ड यांना जोडणारी रबरी झेब्रा पट्टी व तिच्याखालचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. रेंज बदलताना आकडा भरकटत असेल, तर फिरत्या स्विचखालचे पट्टेही तसेच स्वच्छ करावेत. पॉलिश पेपरने मात्र त्यांचा मुलामा निघून जातो. स्विचची चकती उचलताना तिच्याखालच्या चिमुकल्या पोलादी गोळ्या आणि स्प्रिंगा उडून हरवतात, म्हणून हे काम ताटात किंवा कापडावर करावे.

ओहमच्या रेंजवर चुकून मेन्सचा (घरगुती वीजपुरवठ्याचा) व्होल्टेज दिला गेला असल्यास काळवंडलेले रेझिस्टर शोधावेत आणि मूळच्या अचूकतेचेच, सहसा १ टक्क्याचे, बसवावेत. काळ्या राळेखालची चिपच जळाली असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडून नवा मीटर घ्यावा. दुरुस्त केलेला मीटर मागचे झाकण स्क्रूने आवळून आधी नव्या सेलवर आणि माहीत असलेल्या रेझिस्टरवर तपासावा, मेन्सवर नव्हे.