टेम्प्लेटवरून कागदी खोकी: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

घरून लाडू, केक, मेणबत्त्या विकणाऱ्यांना मी मापाची खोकी करून देते. हे काम शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चांगलं टेम्प्लेट कुठे मिळेल? टेम्प्लेट (खोक्याचा कापून दुमडायचा सपाट आराखडा) ढिगाने मिळतात, तीही फुकट. लांबी, रुंदी, उंची टाकली की आराखड्याची पीडीएफ देणाऱ्या साइटही आहेत. हात बसवायचा तो घडीवर.

प्रिंट काढताना मात्र एक पाहा. ‘फिट टू पेज’ सुरू असेल तर आराखडा आक्रसतो. १०० मिलिमीटरची बाजू ९७ ची होते. १०० टक्के स्केल निवडा आणि कात्री लावण्याआधी एक बाजू पट्टीने मोजाच. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. तळ १००, दोन्हीकडच्या भिंती ५०-५०, म्हणजे २००. एवढं खोकं एका कागदात बसतं. झाकणाचा तळ १०२ चा घ्या आणि भिंती ३०-४० च्या. कार्डाच्या जाडीसाठी ही दोन मिलिमीटर सोडली नाहीत तर झाकण अडकतं.

कार्डशीट २५० ते ३०० जीएसएमचं (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्या. कागद हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या दिशेची घडी स्वच्छ येते. त्याच्या आडव्या घडीला कागदातले तंतू तुटतात, रंगाला तडे जातात आणि पांढऱ्या रेघा दिसायला लागतात. खोक्यात घड्या दोन्ही दिशांनी येतात, म्हणून दुमडण्याआधी प्रत्येक घडीवर क्रीज मारायचीच. स्टीलची पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा. एका बाजूला खाच पडते, मागे बारीक उंचवटा येतो. तो उंचवटा घडीच्या आत राहील असं दुमडा. कोपरा कसा धारदार येतो ते पाहून मला अजूनही आनंद होतो.

चिकटवायच्या पट्टीवर छपाई किंवा लॅमिनेशन नको, फेव्हिकॉल धरत नाही. खाण्याच्या वस्तूखाली बटर पेपर घाला.

ऑर्डर शेकड्यांत गेली की पंचिंगवाल्याकडे, म्हणजे यंत्रावर खोकी कापून देणाऱ्याकडे, डाय करून घ्या. डाय म्हणजे प्लायवूडमध्ये बसवलेल्या पोलादी पट्ट्या: धारदार पट्टी कापते, बोथट पट्टी क्रीज पाडते. ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात १८७९ मध्ये क्रीज पाडणारी पट्टी सरकली आणि कागदी पिशव्या कापल्या गेल्या. कापणं आणि क्रीज एकाच दाबात होऊ शकतं हे त्यांना त्यावरून सुचलं. आपला पंचिंगवाला आजही तेच करतो.

डाय करायला टाकण्याआधी कोरी डमी, म्हणजे छपाई नसलेलं नमुन्याचं खोकं, करा, त्यात गिऱ्हाइकाची खरी वस्तू भरा आणि खोकं उचलून हलवून बघा. डमीचे पैसे वेगळे सांगा. त्यात तुमचा वेळ जातो. पुढे नोकरी करायची असेल तर मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे. तिथल्या अभ्यासक्रमांची चौकशी करायला जाताना आपल्या हातच्या दोन-चार डमी सोबत न्या.