वयस्कर माणसाचा अशक्तपणा: रक्त आणि ताकद दोन्ही तपासा

‘वय झालं, थकवा यायचाच’ म्हणून विषय सोडू नका. हिमोग्लोबिन बायकांचं १२च्या आणि पुरुषांचं १३च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, मग वय ८५ का असेना. रक्त कमी झालं की स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. माणूस उठबस टाळतो, स्नायू झडतात आणि एक दिवस बाथरूममध्ये तोल जातो.

ताकद घरी मोजता येते. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हातांची छातीवर घडी घालून पाच वेळा उठायला-बसायला सांगा; १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांत ताकद कमी आहे. मग चार मीटर नेहमीच्या चालीनं चालू द्या. पाच सेकंद उलटले तर डॉक्टरांना तो आकडा सांगा. दोन्ही वेळी शेजारी कुणीतरी उभं हवंच.

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) बघतात. फेरिटिन फसवतं: संधिवात किंवा जंतुसंसर्ग असेल तर लोह कमी असूनही ते नॉर्मल येतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी-१२ घटू शकतं.

आपल्या मनानं लोहाची गोळी सुरू करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. ॲस्पिरिन किंवा गुडघेदुखीच्या गोळ्यांनी जठरातून थोडं थोडं रक्त जात असू शकतं. कधी मुळाशी आतड्याचा कर्करोगही निघतो. गोळीनं शौच काळी होते, त्यामुळे रक्तस्रावाची खूणही झाकली जाते. डांबरासारखी चिकट काळी शौच, छातीत दुखणं किंवा बसल्याजागी धाप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी लोह दिलं तर गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध, कॅल्शियम दोन तास लांब ठेवा. बद्धकोष्ठ झाला तर गोळी बंद न करता दिवसाआड चालेल का ते विचारा. महिन्याभरात हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. आकडा सुधारल्यावरही गोळी साधारण तीन महिने चालते, कारण शरीरातला साठा भरायचा असतो.

एकटी राहणारी आजी दोन्ही वेळा चहा-पोळीवर भागवते, तिथे दुहेरी नुकसान होतं: चहा लोह अडवतो आणि प्रथिनं पुरेशी मिळत नाहीत. ५० किलो वजनाला रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). घट्ट वरण, मोडाची मटकी, दही, पनीर, अंडं प्रत्येक जेवणात विभागून द्या. सोबत दिवसाआड खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठबस. नुसतं हिमोग्लोबिन वाढल्यानं पाय बळकट होत नाहीत.