पुरानंतर भिंतीला लोणा, रंगाचे पापुद्रे: शेवटी काय लागू पडलं (वडोदरा)

विश्वामित्री नदीच्या ऑगस्ट २०२४च्या पुरात घरात पाणी शिरलं. उतरल्यावर तळमजल्याच्या विटांच्या भिंतींवर पांढरी बुरशीसारखी भुकटी, म्हणजेच लोणा (क्षार). हात फिरवला की गिलावा रेतीसारखा झडतो.

पुट्टी आणि रंग, मग वॉटरप्रूफ रंग, मग सिमेंटचा गिलावा: सगळं पावसाळ्याबरोबर फुगलं. वैताग आला.

कारण साधं आहे. वीट भिजलेली असते, तिच्यातला ओलावा बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर आणतो. वरचा थर घट्ट असला की क्षार त्याच्यामागेच साठतात आणि तोच थर ढकलून पाडतात.

हे लागू पडलं. पुराच्या पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा सोलला, विटांचे सांधे १५ मिमी खोल उकरले. भुकटी कोरड्या ब्रशनेच झाडायची, पाण्याने धुतली तर क्षार परत आत जातात. मग हिवाळा-उन्हाळा भिंत उघडी. वाळली का ते पाहायला भिंतीवर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा; दुसऱ्या दिवशी आत बाष्प दिसलं तर अजून थांबा. मिस्त्री घाई करतील, ऐकू नका.

नंतर मुरवलेला चुना १, स्वच्छ धुतलेली रेती ३. प्रत्येकी १० मिमीचे दोन थर. आठवडाभर पाण्याचा हलका फवारा. गिलावा फरशीला टेकवू नका, २ सेंमी फट ठेवून वर लाकडी पट्टी. रंग फक्त चुन्याचा. आणि भिंत उघडी असतानाच विजेचे सॉकेट पाण्याच्या खुणेच्या वर घ्या, नाहीतर नंतर परत फोडाफोड.