नव्या वेतन संहितेनुसार वेतनचिठ्ठी आणि ओव्हरटाइम कसा तपासावा

किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान मोबदला यांविषयीच्या चार जुन्या कायद्यांची जागा घेणारी वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. पूर्वी वेतन प्रदान कायद्याचे संरक्षण दरमहा 24,000 रुपयांपर्यंतच्या कर्मचाऱ्यांपुरते होते. ती मर्यादा आता उरलेली नाही, त्यामुळे आपली वेतनचिठ्ठी तपासणे प्रत्येक नोकरदाराच्या हिताचे आहे.

प्रथम संहितेच्या अर्थाने आपले ‘वेतन’ किती, हे काढावे. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता येतात. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, कमिशन यांसारख्या बाबी वगळल्या जातात. मात्र वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरावी लागते. समजा, मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 10,000, घरभाडे भत्ता 9,000 आणि प्रवास भत्ता 5,000, असे एकूण 24,000 रुपये मिळतात. वगळलेल्या बाबी 14,000 होतात, म्हणजे निम्म्यापेक्षा 2,000 जास्त. म्हणून वेतन 12,000 रुपये धरले जाईल. मूळ वेतन मुद्दाम तोकडे ठेवून भत्ते फुगवण्याच्या पद्धतीला यामुळे आळा बसतो, आणि माझ्या मते या संहितेतील कर्मचाऱ्याच्या सर्वाधिक उपयोगाची तरतूद हीच आहे.

ओव्हरटाइमचा दर साध्या दराच्या दुपटीहून कमी असता कामा नये. महिन्याचे 26 दिवस आणि दिवसाचे 8 तास धरल्यास वरील उदाहरणात तासाचा साधा दर सुमारे 57.69 रुपये आणि दुप्पट दर सुमारे 115.38 रुपये येतो. केवळ 10,000 रुपयांवर हिशेब केला असेल, तर तासामागे सुमारे 19 रुपये कमी मिळत आहेत, आणि त्याविषयी लेखी विचारणा करावी. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 नुसार कामगाराच्या संमतीशिवाय त्याला जादा काम लावता येत नाही. तेथे ‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापकीय कर्मचारी आणि दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक येत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यांतील ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा 115 वरून 144 तासांवर नेण्याचा निर्णय घेतला आहे. तास वाढणार असतील, तर दराची तपासणी अधिकच निकडीची होते.

मासिक वेतन पुढील महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळाले पाहिजे. राजीनामा, बडतर्फी किंवा कामगार कपात यांमुळे नोकरी संपल्यास देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते, त्यामुळे ‘हिशेब पुढच्या महिन्यात करू’ हे उत्तर स्वीकारू नये. वेतनातील एकूण कपात निम्म्याहून अधिक असू शकत नाही.

थकबाकी निघाल्यास, तीन वर्षांच्या आत नियुक्त प्राधिकाऱ्याकडे दावा दाखल करता येतो. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्यासाठी सहा महिनेच मिळत असत. कामगार संघटनाही दावा दाखल करू शकते. देय रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश प्राधिकारी काढू शकतो. पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. तरीही आपल्या बाजूने वेतनचिठ्ठ्या, बँकेचे तपशील, नियुक्तिपत्र आणि जादा कामाच्या तारखा व तास यांची स्वतःची नोंद जपून ठेवावी, कारण मालकाने हजेरीपत्रकात तास कमी दाखवले, तर त्याला उत्तर देण्यासाठी हीच नोंद कामी येते.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी ठेकेदार निघून गेला म्हणून दावा सोडू नये. वेतन देण्याची पहिली जबाबदारी ठेकेदाराची असली, तरी त्याने कसूर केल्यास ज्या आस्थापनेत काम चालते तिच्या मुख्य मालकाला ते वेतन द्यावे लागते, आणि तो ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. म्हणून अर्जात ठेकेदार आणि मुख्य मालक या दोघांचीही नावे व पत्ते लिहावेत.