कामाला रोज आणि रविवारी पाणंदीत: जुनी मोटरसायकल घेताना या चुका टाळा

पहिली जुनी गाडी बघायला गेलो तेव्हा मालकानं सकाळी दहाची वेळ दिली होती. पोहोचलो तर गाडी धुऊन-पुसून दारात उभी, एका सेल्फला सुरू. खूश होऊन टोकन देऊन आलो. पहिल्याच थंडीत कळलं की सकाळी तिला चोक ओढून दहा-बारा किका मारल्याशिवाय जाग येत नाही. मी यायच्या आधीच त्यानं इंजिन तापवून ठेवलं होतं. त्यात त्याची चूक असेलही, पण सायलेन्सरजवळ हात नेऊन बघावं एवढं मला सुचलं नाही, ही माझी.

तेव्हापासून एक नियम केलाय: न सांगता अर्धा तास आधी जायचं. इंजिन गरम लागलं तर चहा घेऊन परत यायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. थंड इंजिन चालू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. पिस्टनची टकटक, टायमिंग चेनची खळखळ, निळा धूर, सगळं पहिल्या दोन मिनिटांत ऐकायला-बघायला मिळतं.

रविवारची गाडी घेऊन सोमवारी रडणं

ही कोल्हापुरातली सगळ्यात महागडी चूक. माणूस पन्हाळ्याकडचे फोटो बघून भलीमोठी गाडी घेतो आणि मग रोज सकाळी ती कावळा नाक्याच्या सिग्नलला पेलत बसतो. साधा हिशेब करा. गोकुळ शिरगावला कामाला जाणारा माणूस जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर चालवतो, म्हणजे महिन्याला पाच-सहाशे. कच्च्या रस्त्यावर महिन्यातून दोनदा गेला तरी शंभराच्या पुढं जात नाही.

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ चं वजन दोनशे किलोच्या आसपास आहे. सीट मात्र ८०० मिलिमीटरवर, म्हणून पाय टेकतात. हिरोची एक्सपल्स २०० दीडशे किलोच्या थोडी वर, पण सीट ८२० च्या पुढं. उंची साडेपाच फूट असेल तर चढावर थांबताना कुठला पाय टेकायचा हे आधी ठरवावं लागतं. दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, २२० मिलिमीटर, पुढचं चाक २१ इंची. दगडधोंड्यांत या गाड्यांना तोड नाही. २०११ ला आलेली हिरोची इम्पल्सही अजून विकायला दिसते, पण ती बनायची कधीच बंद झाली आहे. गाडी बघायच्या आधी तिचे पार्ट कुठं मिळतात ते आपल्या मिस्त्रीला विचारा.

माझं मत विचाराल तर बहुतेकांना यातलं काहीच लागत नाही. आपल्याकडचे दूध घालणारे दोन्ही बाजूंना कॅन अडकवून साध्या १०० सीसीच्या गाडीवर रोज पहाटे पाणंद पार करतात, तीही पावसाळ्यात. चांगल्या अवस्थेतली सव्वाशे-दीडशे सीसीची गाडी, मागचा टायर जरा खोल खाचांचा, एवढ्यावर जोतिबा-पन्हाळ्याच्या आसपासचे कच्चे रस्ते आरामात होतात. पुढच्या चाकाला मात्र ऑफरोडचा मोठ्या ठोकळ्यांचा टायर घालू नका. ओल्या काँक्रीटवर ब्रेक दाबला की तोच टायर तुम्हाला आडवं करेल.

पुरातली गाडी न ओळखणं

बाहेरगावच्या लेखांत हे सापडणार नाही, पण इथं सगळ्यात आधी हेच बघायला हवं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या वर गेलं की धोका पातळी, आणि २०१९ चा ऑगस्ट अन् २०२१ चा जुलै त्याच्या कितीतरी वर गेले होते. त्या पाण्यात किती दुचाक्या बुडाल्या याची मोजदाद कोण ठेवणार? त्यातल्या बऱ्याच धुऊन-रंगवून फिरतायत.

२०२२ मध्ये मी एक गाडी बघितली. टाकी आरशासारखी, सीटचं कव्हर नवं. सीट काढली, टूलकिटच्या खणात बोट फिरवलं, तर कोपऱ्यात पिवळसर गाळाचा थर. वाळून कडक झालेला, नखानं खरवडला की पिठासारखा सुटणारा. मालक म्हणाला, "अहो, धुळीच्या रस्त्यानं जातोय रोज." धूळ सीटखाली अशी थरानं बसत नाही ओ, असा थर पाणी ओसरतानाच बसतो. मग वायरिंगचं एक सॉकेट ओढून बघितलं, आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. तिथंच नमस्कार केला.

गाळ कुठं शोधायचा? हेडलाइटच्या आत रिफ्लेक्टरवर, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी, फ्यूजच्या खोक्यात, मीटरच्या काचेआड. इंजिन ऑइलची काडी काढा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी आहे. आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता वाचा. पुराचं पाणी शिरणाऱ्या प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीचा असेल तर पुरात गाडी कुठं होती हे सरळ विचारा. विचारण्यात अपमान काही नाही. तिथले बरेच लोक स्वतःहून सांगतात, बिल काढून दाखवतात.

टाकी बघून भाव ठरवणं

रंग थोड्या पैशांत होतो. खाली बसून बघा. इंजिनखालच्या पट्टीला खोल पोचे आहेत का, फूटरेस्टची टोकं घासलीयत का, लिव्हर वाकलेत का. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून जिथं ते चेसिसला अडतं ती जागा बघा. तिथला लोखंडी अडसर चेपलेला किंवा नव्यानं वेल्डिंग केलेला दिसला तर गाडी समोरून आपटलेली आहे, मालक काहीही सांगू दे. एखाद्या मित्राला मागून दुसऱ्या गाडीवर यायला सांगा. पुढचं-मागचं चाक एका रेषेत चालत नसेल तर त्याला लगेच दिसतं, तुम्हाला वरून दिसणार नाही.

मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचलून धरा आणि हँडल हळू फिरवा. मधोमध आल्यावर खट् करून अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. मागचं चाक धरून आडवं हलवा. खटखट झाली तर चाकाचं बेअरिंग नाहीतर स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बुश गेलाय. पुढच्या शॉकअपच्या नळीवर बोट फिरवून तेल लागतंय का बघा. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागं ओढा; अर्धा दात उघडा पडला तर चेनसेटचा (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचा) खर्च धरा. स्पोकची चाकं असतील तर पान्ह्यानं प्रत्येक स्पोकवर टिचकी मारा, ढिला स्पोक बद्द वाजतो. यातलं बरंचसं थोड्या पैशांत होतं, त्यामुळं गाडी नाकारायचं कारण नाही. भाव पाडायला कामी येतं एवढंच.

रंकाळ्याभोवती फेरी मारून "चांगली चालते" म्हणणं

सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात. मागं कुणाला तरी बसवून पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबीळचा घाट चढा. वरच्या गिअरला ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लचप्लेट संपल्या. उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा आणि खाली येऊन एकदम पिळा. त्या वेळी सायलेन्सरमधून निळा भपका आला तर इंजिन ऑइल खातंय. मागं बसलेल्यालाच तो बघायला सांगायचं. मालक घाटात पाठवायला तयार नसेल तर त्यातच उत्तर मिळालं.

"कागद नंतर करू"

निपाणी-चिकोडीकडची केए-२३, म्हणजे कर्नाटक पासिंगची गाडी इथं स्वस्त दिसते. पण ती नावावर करायला तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीच उतरते. एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरचीच असेल तरी कोरे टीटी फॉर्म (गाडी नावावर करायचे) सह्या करून घेऊन घरी ठेवू नका. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आरटीओत लगेच द्या. कर्ज होतं का ते आरसीवर दिसतं. होतं तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायचा ३५ नंबरचा फॉर्म. विमा १४ दिवसांत नावावर करायचा, आणि मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची विम्यातली सवलत) तुम्हाला मिळत नाही. गाडीची १५ वर्षं भरत आली असतील तर नोंदणीच्या रिन्यूअलचा खर्च मोजा. ऑनलाइन चलन टोकनच्या आधीच तपासा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) बसलीय का तेही बघून घ्या.

घेतल्या घेतल्या थेट चिखलात

आधी ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक आणि केबली बदला किंवा तपासा, आठवडाभर कामावर न्या, मग कच्च्या रस्त्याला लागा. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. एवढा जुना टायर खाचा शिल्लक असल्या तरी कडक झालेला असतो.

आणि पुढचं मडगार्ड. शाहूवाडी-पन्हाळ्याची तांबडी माती चालता चालता झडते, पण शिरोळकडची काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्या फटीत ठासून बसते. मडगार्ड चाकाला चिकटून असेल तर चाक जाम होतं. मी पहिल्याच पावसात नृसिंहवाडीच्या अलीकडं उसाच्या पाणंदीत असा अडकलो. चाक फिरेना, गाडी ढकलेना. बांधावरच्या मामांनी उसाचं एक कांडं मोडून हातात दिलं आणि मी माती उकरत बसलो. ते शेजारी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पावणं, पुढच्या टायमाला त्यो पत्रा घरी ठिवून या."